विश्लेषण : कॅपिटॉल हल्ल्यातील शिक्षा माफ झाल्या, निकालांचे काय?

अमेरिकेच्या संसद भवनावर, म्हणजे कॅपिटॉलवर ६ जानेवारी २०२१ रोजी जमावाने हल्ला केला. त्यानंतर चार वर्षे न्यायालयांनी एकेका आरोपीचा हिशेब स्वतंत्रपणे मांडला. २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्षपदाची सूत्रे पुन्हा हाती घेतल्यावर काही तासांतच डोनाल्ड ट्रम्प यांनी एका सहीने हा सारा हिशेब गुंडाळला. मग या खटल्यांतून उरले काय?

त्या दिवशी काय झाले होते?

२०२०च्या निवडणुकीत जो बायडेन यांना ३०६, तर ट्रम्प यांना २३२ प्रातिनिधिक मते मिळाली होती. या मतांवर शिक्कामोर्तब करण्यासाठी संसदेचे संयुक्त अधिवेशन सुरू असताना ट्रम्प समर्थकांचा जमाव कडे तोडून आत घुसला. लोकप्रतिनिधींना सुरक्षित जागी हलवावे लागले, कामकाज काही तास बंद पडले. सुमारे १४० पोलीस जखमी झाले. इमारतीचे आणि परिसराचे नुकसान सुमारे २९ लाख डॉलरच्या घरात गेले.

किती जणांवर खटले भरले गेले?

अमेरिकी न्याय विभागाच्या इतिहासातील हा सर्वांत मोठ्या तपासांपैकी एक ठरला. जानेवारी २०२५ पर्यंत जवळपास १,६०० जणांवर आरोप ठेवले गेले. त्यांपैकी सुमारे ६०० जणांवर पोलिसांवर हल्ला करण्याचे किंवा त्यांना अडवण्याचे आरोप होते. सुमारे एक हजार जणांनी गुन्हा कबूल केला, तर दोनशेहून अधिक जण सुनावणीअंती दोषी ठरले. साडेसहाशेहून अधिक जणांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. पुरावा बहुतेक वेळा आरोपींच्याच मोबाइलमध्ये होता. त्यांनी स्वतः केलेले चित्रण, समाजमाध्यमांवरच्या फुशारक्या आणि इमारतीतील कॅमेरे यांवरून ओळख पटली.

सगळ्यांना एकाच मापाने शिक्षा झाली का?

नाही, आणि या खटल्यांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. जून २०२१ मध्ये पहिली शिक्षा सुनावली गेली ती इंडियाना राज्यातील एका महिलेला. ती आत शिरली होती, पण तिने कोणावर हात उगारला नव्हता. तिला तीन वर्षांचे प्रोबेशन आणि ५०० डॉलर भरपाई एवढ्यावर सोडण्यात आले. ज्यांच्यावर केवळ इमारतीत बेकायदा निदर्शने केल्याचा किरकोळ गुन्हा होता, त्यांना कमाल शिक्षाच सहा महिन्यांची होती. एप्रिल २०२२ मध्ये तर एका आरोपीची न्यायाधीशांनी पूर्ण निर्दोष मुक्तता केली. पोलिसांनी आपल्याला आत जाऊ दिले, असा त्याचा समज होणे शक्य होते, हे न्यायालयाने मान्य केले.

दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियाचा एक आरोपी होता. हाती येईल त्या वस्तूने आणि रासायनिक फवाऱ्याने त्याने पोलिसांवर पुन्हा पुन्हा हल्ला चढवला. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला २० वर्षांची शिक्षा झाली.

सूत्रधारांचे काय झाले?

‘ओथ कीपर्स’ या सशस्त्र संघटनेचा प्रमुख स्ट्युअर्ट ऱ्होड्स याला राजद्रोहाच्या कटाबद्दल मे २०२३ मध्ये १८ वर्षांची शिक्षा झाली. ती सुनावणारे न्यायाधीश अमित मेहता यांचा जन्म गुजरातमधील पाटणचा. ‘प्राउड बॉइज’चा म्होरक्या एन्रिके टॅरिओ त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये नव्हता, तरी कटाबद्दल त्याला २२ वर्षांची, म्हणजे या साऱ्या खटल्यांतील सर्वाधिक शिक्षा झाली. सरकारी वकिलांनी ३३ वर्षे मागितली होती. मेहता यांची नेमणूक बराक ओबामा यांनी केलेली, तर टॅरिओला शिक्षा देणारे टिमोथी केली हे ट्रम्प यांनी नेमलेले. नेमणूक कोणाची, यावर शिक्षा ठरली नाही, हे एवढ्यावरूनही दिसते.

न्यायव्यवस्थेने सरकारला रोखले का?

रोखले. शेकडो आरोपींवर ‘अधिकृत कामकाजात अडथळा’ आणल्याचे कलम लावले होते. हे कलम २००२ मध्ये, एन्रॉन घोटाळ्यानंतर, पुरावे नष्ट करण्याला आळा घालण्यासाठी आलेले. ते दंगलीला सरसकट लावता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी दिला. उदारमतवादी न्यायमूर्ती केतनजी ब्राऊन जॅक्सन बहुमताच्या बाजूने होत्या, तर ट्रम्प यांनी नेमलेल्या एमी कोनी बॅरेट विरोधात. त्यानंतर अनेक आरोपींवरील हे कलम वगळले गेले. म्हणजे ‘सूडाचे खटले’ हा आरोप करणाऱ्यांना दाद मागण्याची वाट खुली होती, आणि त्यांना दाद मिळालीही.

माफीने नेमके काय झाले?

सुमारे १,५०० जणांना पूर्ण माफी मिळाली. टॅरिओ त्यांतलाच एक. ऱ्होड्ससह १४ जणांच्या शिक्षा भोगलेल्या काळापुरत्या मर्यादित केल्या गेल्या. प्रलंबित खटले मागे घेण्याचे आदेश निघाले. अमेरिकी राज्यघटना संघीय गुन्ह्यांसाठी माफीचा अधिकार एकट्या अध्यक्षाला देते. त्याला कोणाचा सल्ला घेण्याचे बंधन नाही. आपल्याकडे राष्ट्रपती आणि राज्यपाल हा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरतात आणि तो न्यायालयीन तपासणीच्या पलीकडे नाही. आंध्र प्रदेशच्या राज्यपालांनी राजकीय कार्यकर्त्याला दिलेली शिक्षेतील सूट सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एपुरू सुधाकर प्रकरणात रद्द केली होती.

माफीने गुन्हा पुसला जातो का?

कायद्याने तसे होत नाही. माफी स्वीकारणे म्हणजे दोष मान्य करणे, असे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्येच म्हटले आहे. मात्र ज्यांची अपिले प्रलंबित होती, अशा काहींची दोषसिद्धीही रद्द झाली. खरा प्रश्न नोंदींचा आहे. माफीनंतर काही दिवसांतच या खटल्यांची माहिती देणारा संग्रह न्याय विभागाच्या संकेतस्थळावरून हटवण्यात आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये माफी मिळालेल्या एका आरोपीच्या वेगळ्या खटल्यात दोन सरकारी वकिलांनी शिक्षेच्या निवेदनात ६ जानेवारीच्या ‘दंगलखोर जमावा’चा उल्लेख केला. त्यांना रजेवर पाठवण्यात आले आणि तो उल्लेख गाळून नवे निवेदन दाखल झाले.

मग या खटल्यांचा अर्थ काय उरतो?

माफी हा दयेचा अधिकार आहे. दया माणूस पाहून, त्याचा गुन्हा, पश्चात्ताप आणि भोगलेली शिक्षा पाहून दाखवायची असते. एखाद्याला झालेली शिक्षा जास्त होती, असे अध्यक्षांना वाटले असेल तर ती प्रकरणे एकेक करून तपासता आली असती. तसे झाले नाही. खिडकीतून आत डोकावलेला आणि पोलिसाच्या डोक्यात काठी घालणारा, हा फरक न्यायालयांनी चार वर्षे खपून जपला होता. सरसकट माफीने तोच मिटवला. पुढच्या निवडणुकीत हरलेल्या बाजूच्या जमावाला यातून मिळणारा संदेश असा, की आपला माणूस सत्तेवर आला तर हिशेब द्यावा लागणार नाही.

तरीही न्यायालयांच्या दप्तरात साक्षी, चित्रफिती, कबुलीजबाब आणि निकालपत्रे कायम आहेत. अनेक न्यायाधीशांनी खटले बंद करताना, त्या दिवशी जे घडले ते माफीने बदलत नाही, असे आवर्जून नोंदवले आहे. राजकीय दंगलीनंतरच्या खटल्यांचा पाठपुरावा शेवटच्या तारखेपर्यंत करायचा तो यासाठी. कोण किती वर्षे तुरुंगात राहील, हे सत्तेवर येणारा ठरवू शकतो. कोणी काय केले, हे त्याला ठरवू देता कामा नये.