आधी वाचावे, मग विरोध करावा

खोपोलीला आमचे एक छोटेसे अभ्यासमंडळ आहे. पहिली पाळी संपवून आलेले काही कामगार, दोन-तीन शिक्षक, कर्जत-खालापूरकडील तरुण कार्यकर्ते आणि माझ्यासारखे निवृत्त लोक महिन्यातून एकदा जमतो. मागच्या बैठकीत एका तरुण मित्राने एका पुस्तकाच्या निषेधाचे पत्रक सह्यांसाठी फिरविले. ते पुस्तक सार्वजनिक वाचनालयांतून काढून टाकावे, अशी त्यात मागणी होती. मी विचारले, "हे पुस्तक आपल्यापैकी कोणी वाचले आहे काय?" कोणीही वाचलेले नव्हते. त्यातील एका पानाचे छायाचित्र मात्र प्रत्येकाच्या मोबाईलवर आलेले होते, आणि पत्रकावर सात सह्या झालेल्या होत्या.

त्या सातजणांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. मी अर्थशास्त्र शिकवीत होतो त्या काळात महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीवर होतो. एकदा बाहेरून धमकीवजा पत्र आले आणि समितीने एक पुस्तक 'तात्पुरते' कुलपात ठेवण्याचा ठराव केला. त्या ठरावावर माझी सही आहे. पुस्तक मी वाचलेले नव्हते. पुढे निवृत्त होईपर्यंत ते कपाट उघडावे असा आग्रहही मी धरला नाही. म्हणून पुढील विवेचन हा उपदेश नसून बऱ्याच अंशी आत्मपरीक्षण आहे.

ग्रंथांविषयीचे कायदे छापील असतात. परंतु लेखक आणि वाचक यांच्यातील खरा व्यवहार अलिखित संकेतांवर चालतो. हे संकेत कसे पाळावेत याचा उत्तम पाठ १९३६ साली आपल्याच देशात घातला गेला. लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद डॉ. आंबेडकरांना दिले होते. भाषणातील काही भाग मंडळाला अडचणीचा वाटला. त्यात बदल करण्यास डॉ. आंबेडकरांनी नकार दिला, तेव्हा मंडळाने परिषदच रद्द केली. डॉ. आंबेडकरांनी ते न झालेले भाषण स्वखर्चाने छापले. दीड हजार प्रतींची आवृत्ती दोन महिन्यांत संपली. 'जातिभेदाचे निर्मूलन' या नावाने आपण आज वाचतो ते हेच भाषण.

त्यानंतर जे घडले ते आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. गांधीजींना त्यातील मूळ प्रतिपादन मान्य नव्हते. 'हरिजन'मधून त्यांनी त्यावर टीका केली. पण सुधारकांनी या भाषणाकडे दुर्लक्ष करता कामा नये, असेही त्यांनी त्याच लेखनात बजावले. एवढेच नव्हे, तर आठ आणे ही किंमत फार होते, ती दोन आणे, निदान चार आणे तरी करावी, अशी सूचना केली. ज्या पुस्तकाशी आपला मतभेद आहे ते अधिक स्वस्त व्हावे, अधिकांनी वाचावे, असे म्हणणारा वाचक विरळा. आणि लेखकही तसाच. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत डॉ. आंबेडकरांनी गांधीजींचे लेख परिशिष्टात छापले व त्यांना आपले उत्तर जोडले. उत्तराची धार त्यांनी तिळमात्र कमी केली नाही. परंतु प्रतिपक्षाचे म्हणणे वाचकापासून लपविलेही नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. आमच्या बैठकीतही तो आला. "मग २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली, त्याचे काय, सर?" महाड आपल्याच जिल्ह्यातले; प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. तेथे जाळला गेला तो हजारो वर्षांच्या दास्याचा सनदी दस्तऐवज, आणि तोही परिषदेत उघड ठराव करून. जाळणाऱ्यांनी कोणाचे ग्रंथालय फोडले नाही. इतरांनी तो ग्रंथ वाचू नये अशी मागणी केली नाही. ज्या बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हे दहन झाले, त्यांच्या पुढील ग्रंथांत त्याच स्मृतीतील वचनांची बारकाईने चिकित्सा आढळते.

याच्या उलट ५ जानेवारी २००४ चा दिवस आठवावा. जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक पुस्तकातील आक्षेपार्ह मजकुरावरून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला. प्रकाशकाने ते पुस्तक आदल्या नोव्हेंबरातच भारतातील बाजारातून मागे घेतले होते. संशोधन मंदिराने ते लिहिले नव्हते, छापलेही नव्हते. तरी नासधूस झाली ती तेथील ग्रंथांची आणि हस्तलिखितांची. सरकारने पुस्तकावर बंदी घातली. ती उच्च न्यायालयाने २००७ साली रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली तो निर्णय कायम केला. बंदी उठली, परंतु जी पाने फाटली ती फाटलीच.

"आपण वाचून होईपर्यंत विष पसरलेले असेल," असे आमचा तरुण मित्र म्हणाला. ही भीती निराधार नाही. पण पुस्तक कुलपात घालण्याची किल्ली आपण एकदा सत्तेच्या हाती दिली, की ती कोणत्या कपाटाला लावायची हे आपण ठरवीत नाही. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात सेन्सॉरची कात्री समाजवादी नियतकालिकांवरही चालली होती, हे जुन्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

तेव्हा कार्यकर्त्यांनी निदान तीन संकेत पाळावेत. न वाचलेल्या पुस्तकाविरुद्ध सही करू नये. ज्याचे खंडन करावयाचे त्याचे म्हणणे मागच्यापुढच्या संदर्भासह मांडावे. आणि विरोध आपल्या नावाने, लिहून करावा. ग्रंथपालाला धाक घालून नव्हे. तुटपुंज्या मानधनावर वाचनालय सांभाळणारा तो माणूसही श्रमिकच आहे.

त्या दिवशी पत्रक बाजूला ठेवले गेले, पण सर्वांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. दोघेजण नाराज होऊन निघून गेले. उरलेल्यांनी वर्गणी काढून पुस्तकाच्या दोन प्रती मागविल्या आहेत. वाचल्यावर कदाचित आमचा विरोध अधिकच तीव्र होईल. तसे झाले तर तो आम्ही लिहून प्रसिद्ध करू, आणि त्याखाली माझीही सही असेल. या वेळी मात्र ती पुस्तक वाचून केलेली असेल.