अंगठा गरिबाचा, नोंद कोणासाठी?

केळापूर तालुक्यातील एखाद्या पोडावरून पांढरकवड्याला येणाऱ्या अल्पभूधारक कोलाम शेतकऱ्याला सिमकार्ड ही चैन राहिलेली नाही. पीएम-किसानचा हप्ता, बँकेचा निरोप, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी या साऱ्यांची वाट एका मोबाईल क्रमांकातून जाते. दुकानदाराने आधार मागितले, छायाचित्र घेतले, तर तो नाही म्हणू शकत नाही. जिथे नकाराला वाव नाही, तिथल्या संमतीला काय अर्थ? सक्तीच्या सिमनोंदणीचा विचार या शेतकऱ्याच्या बाजूने व्हावयास हवा.

२३ मार्च २०१७ रोजी दूरसंचार विभागाने परिपत्रक काढून प्रत्येक मोबाईलधारकाची आधारद्वारे पडताळणी करण्याचे फर्मान सोडले. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला, आणि २६ सप्टेंबर २०१८ रोजी ते परिपत्रक घटनाबाह्य ठरले. तोवर कोट्यवधी लोकांचे अंगठे घेऊन झाले होते! २०१९ च्या दुरुस्तीने आधार ऐच्छिक केले. परंतु २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम ३ मध्ये बायोमेट्रिक ओळखीची तरतूद पुन्हा आलीच.

शासनाचा युक्तिवाद गुन्हेगारीचा आहे, आणि तो पोकळ नाही. फोनवरून होणाऱ्या फसवणुकीत निवृत्तांची आणि कष्टकऱ्यांची आयुष्यभराची पुंजी जाते. प्रश्न एवढाच की, नोंदणीने ती थांबली काय? ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारनेच सांगितले की बनावट मार्गाने घेतलेल्या ५२ लाख जोडण्या बंद केल्या आणि ६७ हजार विक्रेते काळ्या यादीत टाकले. या जोडण्या नोंदणीच्या सक्तीतूनच पार झाल्या होत्या. गुन्हेगार आपल्या नावाने सिम घेत नाही. तो दुसऱ्याचे नाव वापरतो. ओळख हीच प्रवेशाची किंमत ठरली की ओळखीचा बाजार उभा राहतो, आणि त्या बाजारात सर्वांत स्वस्त नाव गरिबाचे असते. पुढे चौकशीचा ससेमिरा लागतो तोही त्याच्याच मागे.

कंपन्यांच्या हाती दिलेल्या अंगठ्याचे काय होते, हेही देशाने पाहिले आहे. सिमच्या पडताळणीसाठी आलेल्या लाखो ग्राहकांची एअरटेलच्या पेमेंट बँकेत त्यांच्या नकळत खाती उघडली गेली आणि गॅसचे अनुदान तिकडे वळले. त्यावरून डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाला त्या कंपनीचा ई-केवायसी परवाना स्थगित करावा लागला.

खासगीपणा ही सुखवस्तूंची हौस आहे, असा समज चळवळीतही आढळतो. तो चुकीचा आहे. कोणी कोणाला, केव्हा, कोठून फोन केला याच्या नोंदी कंपन्यांना किमान दोन वर्षे जपाव्या लागतात. सावकाराविरुद्ध तक्रार करणारा, वनहक्काचा दावा लढवणारा, मजुरांची संघटना बांधणारा, या प्रत्येकाचे संबंध त्यातून उलगडतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १७ ने शासकीय यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडेच ठेवला आहे. म्हणजे ज्याच्यापासून संरक्षण हवे, तोच संरक्षणाची मर्यादा आखणार!

तथापि हतबल होण्याचे कारण नाही. प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी अॅप घालण्याची सक्ती जनमताच्या रेट्यापुढे ३ डिसेंबर २०२५ रोजी मागे घ्यावी लागली. आता मागण्या स्पष्ट असाव्यात: सिमसाठी बायोमेट्रिकची सक्ती नको, कॉलच्या नोंदी पाहण्यास न्यायालयीन परवानगी हवी, नावाचा गैरवापर झालेल्यास आरोपी न मानता आधी पीडित मानावे. आणि कार्यकर्त्यांनी गावोगाव बसून लोकांना आपल्या नावावर किती सिम आहेत हे तपासून द्यावे, नको असलेली बंद करवावीत. त्यासाठी संचार साथीच्या संकेतस्थळावर सोय आहे. तिचा उपयोग पोडापर्यंत पोहोचवणे हे आपले काम आहे.