कठड्याच्या आत कौशल्य, बाहेर गुन्हा

शिवथरच्या घळीत समर्थांनी दासबोध सांगितला, अशी परंपरा आहे. प्रयत्नवादाचा हा ग्रंथ ज्या खोऱ्यात सिद्ध झाला, त्याच महाड-पोलादपूरच्या खोऱ्यातील माणसांच्या प्रयत्नाला गावात मोल मिळेना, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेली. गिरणगावाच्या शेजारीच महालक्ष्मीचे रेसचे मैदान. गावी मनीऑर्डर केल्यावर उरलेल्या पैशांतून तेथील खिडकीवर ‘विन’ किंवा ‘प्लेस’ लावणारे चाकरमानी आमच्याकडे होते. घोडा पहिला आला तर ‘विन’ लागते; पहिल्या दोघा-तिघांत आला तरी ‘प्लेस’चे पैसे मिळतात. याहून सोपी पैज नाही. या माणसांना उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मला वाटत नाही. जन्मभर काटकसर करूनही ज्याच्या घरावर कौले चढत नाहीत, त्याने घोड्याकडे आशेने पाहिले तर दोष आशेचा नव्हे.

मुळात विचारायला हवे ते कायद्याला. 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने घोड्यांच्या शर्यतीवरील पैज जुगारातून वगळली. मात्र ती शर्यतीच्या दिवशी, परवाना असलेल्या मैदानावरील राखून ठेवलेल्या आवारातच लावलेली असली पाहिजे. म्हणजे तीच पैज, तोच घोडा. पण कठड्याच्या आतला शौकीन ठरतो आणि चाळीच्या जिन्याखाली बुकीच्या हाती पैसे देणारा आरोपी. गोऱ्या साहेबाने आपल्या विरंगुळ्यासाठी ठेवलेली ही फट स्वतंत्र भारताने मोठ्या आस्थेने जपली आहे.

तमिळनाडूने 1974 साली अशा पैजा बंद करणारा कायदा केला. त्या वादात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचे कूळ, त्याची तयारी, पाठीवरचे वजन, जॉकीचा हात हे सारे जाणणारा न जाणणाऱ्यापेक्षा बरा अंदाज करील, हे खरेच आहे. पण हे जाणतो कोण? मालक आणि तबेल्यात ऊठबस असलेली मंडळी. पाळी संपवून धावत आलेला कामगार नव्हे. त्याच्या हाती फक्त रेसचे पुस्तक.

आणि कौशल्य मान्य केले तरी हिशेब बदलत नाही. टोटच्या खिडकीवर जमलेली सारी रक्कम एकत्र केली जाते, तीतून क्लबचा वाटा काढला जातो आणि उरलेली जिंकणाऱ्यांत वाटली जाते. म्हणजे एकाचे कौशल्य दुसऱ्याच्या खिशातले पैसे आपल्याकडे ओढू शकते. खेळणाऱ्या सर्वांचे मिळून नुकसान मात्र घोडे सुटण्यापूर्वीच ठरलेले असते. शिवाय कर आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्क्यांवर नेण्यात आला. नफ्यावरचा हा कर नव्हे. हरलेल्या रुपयावरही तो आहेच. मालक हरो वा जॉकी पडो, सरकार प्रत्येक शर्यत जिंकते.

या कराचे समर्थन असे केले जाते की, त्यामुळे व्यसन महाग होऊन कमी होईल. अनुभव तसा नाही. कायदेशीर खिडकी महाग झाली की गिऱ्हाईक बिनकराच्या बुकीकडे वळते. आणि बुकी आता फोनवरून थेट शिवथरपर्यंत पोचतो. पकडला जातो तो दोनशे रुपये लावणारा पोर.

बंदीची घोषणा करणे आपल्याला सोपे आहे. पण मटका बंदीत असतानाच फोफावला, हे गिरणगावाने पाहिले आहे. म्हणून माझी मागणी लहान आहे. छोटी पैज लावणाऱ्यावरचे खटले थांबवावेत, धंदा चालवणाऱ्याला गाठावे. आणि महालक्ष्मीच्या प्रत्येक खिडकीवर, ‘विन’ आणि ‘प्लेस’ या शब्दांइतक्याच ठळक मराठी अक्षरांत लिहावे, की खेळणाऱ्यांनी मोजलेल्या शंभर रुपयांतले किती त्यांच्याकडे परत येतात.