मुक्काम एक, वाटा दोन

नवरा-बायकोनं प्रवासाला एकत्र जावं, पण पोचल्यावर दिवसभर एकत्र हिंडू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. आमच्या वर्ध्यात संध्याकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींपुढे ते मांडलं, तेव्हा एका निवृत्त शिक्षकांनी कोपरापासून हात जोडले आणि म्हणाले, ‘मग लग्न कशाला केलं?’ प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायला मैदानाची एक चक्कर पुरली नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

बँकेच्या नोकरीत ‘एलएफसी’ नावाची एक सवलत असते. चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये एकदा अधिकाऱ्यानं कुटुंबासह देशात कुठंही जावं, भाडं बँक देते. ब्लॉक संपला की सवलत बुडाली. त्यामुळे बँकवाल्यांच्या आमच्या पिढीनं भारत पाहिला तो थकीत कर्ज वसूल करावं तसा. जितकं लांब जाल तितका फायदा अधिक, म्हणून कन्याकुमारी. तिथवर जायचंच आहे तर रामेश्वर, मदुराई, तिरुपतीही उरकायचं. नऊ दिवसांत अकरा गावं. फोटोंमध्ये सगळे एका रांगेत उभे, मागे गोपुर, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर आपण कुठल्या गावात आहोत याचा पत्ता नाही.

या प्रवासांत घरची बाई काय करत असे? दशम्या, तिखटामिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, चिवड्याचा डबा, मुलांची औषधं, आणि तळाशी कापडात गुंडाळलेला छोटा स्टोव्ह. घर सुटायचं, स्वयंपाकघर सुटत नसे. ते ट्रंकेत बसून बरोबर यायचं. बेत कुणी ठरवायचा, याचं उत्तर सोपं होतं. अर्जावर ज्याची सही, त्याचा बेत. हे माझ्या एकट्याच्या घरचं नव्हे. त्या काळच्या कुठल्याही शाखेतल्या कुठल्याही अधिकाऱ्याला विचारा.

निवृत्तीबरोबर सवलत संपली आणि लांब जाण्याची सक्तीही संपली. 2023 च्या डिसेंबरात आम्ही दोघं कलकत्त्याला गेलो. कोलकाता म्हणायला हवं हे मला ठाऊक आहे, पण जिभेचं वळण जुनं आहे. वर्ध्याहून संध्याकाळी गीतांजलीत बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. एकच शहर, चार दिवस, एकच खोली. आणि निघण्यापूर्वी ठरलेला एकच नियम : दिवस ज्याचा त्याचा, रात्रीचं जेवण दोघांचं.

कारण आमच्या आवडी मुळातच जुळत नाहीत. ही पाट्या वाचणारी आहे. संग्रहालयात शिरली की प्रत्येक वस्तूखालची पाटी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय पुढे सरकत नाही. इंडियन म्युझियम 1814 साली स्थापन झालं, आणि तिथल्या वस्तूंची संख्या पाहता ते हिच्यासाठीच स्थापन झालं असावं. तिथे भारहूतच्या स्तूपाचा दगडी कठडा आहे, दोन हजार वर्षांहून जुना. त्यावर जातककथा कोरल्या आहेत आणि गंमत म्हणजे कुठली कथा, कुठला प्रसंग, हे शेजारी ब्राह्मी अक्षरांत कोरलेलं आहे. म्हणजे पाटी दगडातच! हे तिनं मला रात्री सांगितलं तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखा तिचा आवाज झाला होता.

मला संग्रहालय चाळीस मिनिटं मानवतं. पुढे गुडघे आणि डोळे एकाच वेळी संपावर जातात. मी बसणारा माणूस आहे. एखाद्या शहरात एक बरीशी जागा सापडावी, तिथे तासन् तास बसावं, माणसं पाहावीत. कॉलेज स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांच्या टपऱ्यांमधून फिरायचं, मग कॉफी हाऊसच्या उंच छताखाली पंख्याच्या घरघरीत दोन कप संपवायचे. मला बंगाली वाचता येत नाही. तरी एका टपरीवाल्याशी हिंदीत अर्धा तास घासाघीस करून मी एक बंगाली पुस्तक घेतलं. ते कसलं आहे हे अजून कळलेलं नाही.

आता या दोन माणसांना जबरदस्तीनं बरोबर हिंडवलं तर काय होतं, हे प्रत्येक घराला माहीत आहे. तो संग्रहालयाच्या दारातल्या बाकावर घड्याळ पाहत बसतो. बाकावरचा नवरा आत गेलेल्या बायकोला दिसत नसला तरी जाणवत असतो, म्हणून ती निम्म्या पाट्या सोडून बाहेर येते. मग ती त्याच्याबरोबर कॉफीला बसते आणि सात मिनिटांनी विचारते, ‘निघायचं?’ याला आपण तडजोड म्हणतो आणि सहजीवनाच्या नावानं तिचं कौतुक करतो. बँकेच्या भाषेत याला ‘सेटलमेंट’ म्हणतात. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं बुडवायचं आणि खातं बंद करायचं.

शिवाय दोघांनी दिवसभर तेच पाहिलं तर रात्री बोलायचं काय? चार दिवस आमच्याकडे बोलायला इतकं होतं की वेटर दोनदा दिवे कमी करून गेला. ती एकटी एस्प्लनेडहून गरियाहाटकडे जाणाऱ्या ट्राममध्ये बसली होती. कलकत्त्यात ट्राम पहिल्यांदा धावली 1873 साली, तेव्हा ती घोडे ओढत. विजेवर चालू लागली 1902 मध्ये. 2024 मध्ये तिथल्या सरकारनं मैदानाजवळचा एक मार्ग वगळून बाकी ट्राम बंद करण्याचं जाहीर केलं. ते वाचून ती एवढंच म्हणाली, ‘बरं झालं, तुमची वाट पाहिली नाही.’

जेवणाकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. मी हिंगणघाटचा, सावजीच्या काळ्या रश्श्यावर वाढलेला. हिचं माहेर सेवाग्रामच्या वाऱ्यातलं : खादी, सूतकताई, बेताचं तिखट, मांस-मासळीचं नावही नाही. आमच्या घरात कधी शिजलं नाही, आणि बाहेर मी जे खातो ते ती पाहत नाही, असा अलिखित करार. असं जोडपं माशांच्या शहरात गेल्यावर तिचे हाल होणार, असं सगळ्यांनी बजावलं होतं. बरोबर गोरसपाकाचे दोन डबे घेतले होते, ते त्याच भीतीनं. ते डबे तसेच परत आले.

बंगालीत शाकाहारी जेवणाला ‘निरामिष’ म्हणतात आणि त्याचा थाट निराळा आहे. सुरुवातीला शुक्तो, म्हणजे कारल्याचा कडवटपणा राखून केलेली मिश्र भाजी. मग खोबऱ्याचे तुकडे घातलेली हरभऱ्याची डाळ, लुची, खसखशीतले बटाटे, केळफुलाची भाजी. शेवटी नव्या गुळाचा संदेश, जो फक्त थंडीतच मिळतो. माझ्यापुढे केळीच्या पानात मोहरी लावून वाफवलेली भेटकी होती. एकाच टेबलावर, समोरासमोर. ती माझ्या ताटाकडे पाहत होती आणि तोंड फिरवत नव्हती. ‘वास मोहरीचाच येतो,’ एवढंच म्हणाली.

या निरामिष स्वयंपाकाचा इतिहास मात्र घास अडकवणारा आहे. बंगालमधल्या उच्चवर्णीय घरांत विधवेला मासे वर्ज्य, कांदा-लसूण वर्ज्य, मसुराची डाळसुद्धा वर्ज्य. एकादशीला पाणीही नाही. घराच्या एका कोपऱ्यात वेगळ्या चुलीवर त्या बायका स्वतःपुरतं रांधत, आणि साली, देठं, फुलं, पानं, जे काही हाती राहील त्यातून त्यांनी ही चव घडवली. ज्या पदार्थांना आज हॉटेलात मानाचं पान आहे, त्यांतले कितीतरी अशा चुलींवर शिजत आले आहेत. विधवाविवाहाचा कायदा झाला 1856 मध्ये, आणि तो व्हावा म्हणून झगडलेले विद्यासागर ज्या संस्कृत कॉलेजचे प्राचार्य होते, ते माझ्या पुस्तकांच्या टपऱ्यांच्या शेजारीच आहे. त्याच 1856 मध्ये लखनौचं राज्य गमावलेला नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याला आला आणि त्याच्या आचाऱ्यांमुळे तिथल्या बिर्याणीत बटाटा शिरला, असं सांगतात. ती बिर्याणी मी दुसऱ्या रात्री खाल्ली. बटाट्यावर माझा आक्षेप नाही.

विधवांच्या चुलीची ही हकिकत ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मला आठवत होत्या त्या शाखेतल्या बायका. बँकेत खातं उघडताना नवरा-बायकोच्या नावावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असं लिहितात : दोघांपैकी कुणीही, किंवा मागे राहील तो. आर्वीच्या शाखेत असताना महिन्याला एखादी तरी अशी बाई समोर येऊन बसे. हातात पासबुक, मृत्यूचा दाखला, बरोबर पुतण्या किंवा जावई. खात्यावर वीस वर्षं तिचं नाव होतं, पण पैसे काढायची स्लिप तिनं कधी भरलेली नसे. ‘साहेब, हे सारं तेच पाहत होते.’ कागदावर तिला ‘आयदर’चा हक्क पहिल्या दिवसापासून होता. तो वापरायची वेळ आली ती ‘सर्व्हायव्हर’ झाल्यावर.

साठी ओलांडलेल्या जोडप्यांना हे कानावर यायला आवडत नाही. पण आमच्यापैकी एक जण कधीतरी एकटा उरणार आहे. अनोळखी शहरात रस्ता विचारणं, बस चुकली तर दुसरी शोधणं, एकट्यानं टेबलावर बसून काय हवं ते मागवणं, हे तेव्हा शिकण्यापेक्षा आत्ता शिकलेलं बरं. रात्री सांगायला समोर माणूस आहे तोवर. हे बायकांनाच लागू आहे असं नाही. बायको गेल्यावर स्वतःचा चहा करता न येणारे, बँकेत मात्र चार सह्यांचे अधिकार असलेले साहेब मी पाहिले आहेत.

‘काही झालं तर?’ असं शिक्षकांनी विचारलंच. होऊ शकतं. म्हणून दोघांच्या पर्समध्ये हॉटेलचं कार्ड, रक्तदाबाच्या गोळ्या आणि आपापले पैसे हवेत. पैशांचं मी आग्रहानं सांगतो. फोनवरून हवे तितके पाठवता येतात, पण मागावे लागणारे पैसे आणि स्वतःजवळचे पैसे यांत फरक आहे. कलकत्त्यात तिनं न विचारता तांताची एक साडी घेतली आणि मी ते न वाचता येणारं पुस्तक. हिशेब कुणीच मागितला नाही.

पुढच्या जानेवारीत हैदराबादचं ठरलं आहे. सालारजंग संग्रहालयाला तिला दोन पूर्ण दिवस हवे आहेत. मी चारमिनारजवळ इराणी चहाची दुकानं शोधणार आहे. तिकिटं या वेळी तिनं काढली आहेत, सेवाग्राम स्थानकावरून. तिला खालचा बर्थ मिळाला आहे, मला वरचा.