बोटावरची शाई आणि रांगेतली भोवळ

मतदान कमी झाले की मुंबईकराला उदासीन ठरवून मोकळे होण्याची रीतच पडली आहे. 20 मे 2024 च्या सोमवारीही तेच झाले. माटुंगा, वडाळा, धारावी, चेंबूर या मुंबई दक्षिण मध्य मतदारसंघात निम्म्याहून थोड्याच अधिक मतदारांनी मत दिले. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली आणि लोक गावाला पळाले, हे निदान संध्याकाळपर्यंत तयार होते. रांगांकडे मात्र वैद्यकीय नजरेने फारसे कोणी पाहिले नाही.

माटुंग्यात फाइव्ह गार्डन्सच्या आसपास जुन्या इमारती आहेत आणि त्यांत वयस्कर माणसे पुष्कळ. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शरीरातले पाणी आणखी घटते. त्यात मुंबईची मे महिन्यातली दमट हवा. घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. एका जागी तासभर उभे राहिले की रक्त पायांत साचते, मेंदूकडे कमी जाते आणि भोवळ येते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. रांगेत तेही काम थांबते. अशा वेळी घरी परतणारी सत्तरीची बाई उदासीन नसते, ती शहाणी असते.

मग त्याच उन्हात इतर का उभे राहतात? समाजमानववंशशास्त्रज्ञ मुकुलिका बॅनर्जी यांनी भारतभरच्या मतदारांचा अभ्यास करून सांगितले आहे की, अनेकांना, विशेषतः गरिबांना, ही रांग समानतेचा अनुभव देते. तिथे साहेब आणि कामगार एकामागे एक उभे असतात.

दुसरे कारण शेजाऱ्यांची नजर. अमेरिकेतील मिशिगन राज्यात 2006 साली काही घरांना पत्रे गेली. त्यांत आळीतल्या कोणी मागच्या वेळी मत दिले आणि कोणी नाही, याची यादी होती. पत्र न मिळालेल्यांच्या तुलनेत तिथले मतदान सुमारे 8 टक्के-अंकांनी जास्त झाले. आपल्याकडे अशी पत्रे खपणार नाहीत, आणि खपूही नयेत. पण 1962 पासून बोटाला लागणारी शाई काहीसे तेच काम करते. तिच्यातील सिल्व्हर नायट्रेट त्वचेवरच्या क्षाराशी मिळते, उजेडात काळे पडते आणि नख वाढेपर्यंत टिकते. दुबार मतदान रोखण्यासाठी आणलेली ही खूण आता फोटोत मिरवली जाते.

शहरी अनास्थेवर उपाय म्हणून विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबर 2024 रोजी, मुद्दाम बुधवारी ठेवले गेले. तरीही मुंबई शहर जिल्ह्याचा आकडा 52 टक्क्यांच्या आसपासच राहिला. जोडून सुट्टीचे निदान तेवढ्याने लंगडे पडते. नोव्हेंबरात ऊन कमी होते, म्हणजे उन्हाचेही निदान एकटे पुरे पडत नाही, हे कबूल करावे लागेल. पण सुट्टी आणि ऊन यांत फरक आहे: लोकांच्या मनाला दूषणे देऊन काही हलत नाही, सावली मात्र त्याच दिवशी उभारता येते.

घरून मतदानाची सोय 2024 मध्ये 85 वर्षांवरील मतदारांना आणि किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्यांना मिळाली. गुडघे गेलेल्या 78 वर्षांच्या आजी दोन्हींत बसतीलच असे नाही. त्यांना हवी आहे रांगेत बसायला खुर्ची, डोक्यावर मांडव, पिण्याचे पाणी, आणि सकाळी सातला रांग किती लांब आहे हे घरबसल्या सांगणारे कोणीतरी.