मॅच एका दिवसाची, बॅग दीड दिवसाची

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईतील महिला विश्वचषकाची अंतिम लढत पावसामुळे दोन तास उशिरा, ५ वाजता सुरू झाली आणि मध्यरात्रीच्या सुमारास संपली. तिथून माळशेज घाटमार्गे जुन्नर, आंबेगाव गाठायचे तर पहाटच होणार. म्हणून एका दिवसाच्या मॅचलाही स्वेटर, औषधे, जादा कपडे घ्यावेत. ही बॅग मात्र गाडीतच ठेवावी. स्टेडियमच्या तपासणीत मोठ्या बॅगा अडवतात. आत मोबाइल, तिकीट, थोडे पैसे पुरेत. दोन-तीन दिवसांच्या मुक्कामालाही याहून फार लागत नाही. परदेशी स्पर्धेला निघताना पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच ठेवावी आणि औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी. जागेसाठी चार लाडू कमी झाले तरी चालतील.