विश्लेषण : उलटलेल्या अंडाशय कर्करोगावर औषधांची जोडी कितपत उपयोगी?

अंडाशयाचा कर्करोग बहुतेकदा पोटात पसरल्यावरच लक्षात येतो. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीने तो आटोक्यात येतो, पण अनेकींमध्ये पुन्हा उलटतो. अशा रुग्णांसाठी दोन-तीन औषधे एकत्र देण्याच्या चाचण्या जगभर सुरू आहेत. त्यांचे निष्कर्ष वाचताना एक प्रश्न विचारायलाच हवा : गाठीची वाढ थांबली, की आयुष्य वाढले?

जोडी कशासाठी?

कार्बोप्लॅटिनसारखी प्लॅटिनमयुक्त औषधे हा या आजारावरचा मुख्य उपचार. ती थांबवल्यावर सहा महिन्यांच्या आत आजार परतला, तर तो या औषधांना दाद देत नाही, असे मानले जाते. मग दुसऱ्या केमोथेरपीच्या मदतीला वेगळ्या पद्धतीने काम करणारे औषध दिले जाते.

चाचण्यांत काय दिसले?

‘ऑरेलिया’ चाचणीत अशा ३६१ रुग्ण होत्या. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखणारे बेव्हॅसिझुमॅब केमोथेरपीसोबत दिल्यावर आजार वाढेपर्यंतचा मध्यक काळ ३.४ वरून ६.७ महिन्यांवर गेला. एकूण आयुष्य वाढल्याचे मात्र सिद्ध झाले नाही.

२०२५ मध्ये जाहीर झालेल्या ‘रोझेला’ चाचणीचे चित्र वेगळे होते. तिच्यात ३८१ रुग्ण होत्या. कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा प्रभाव रोखणारे रेलाकोरिलंट नॅब-पॅक्लिटॅक्सेलसोबत दिले गेले. आजार वाढेपर्यंतचा काळ जेमतेम एका महिन्याने लांबला. पण अंतरिम निष्कर्षांत मध्यक आयुर्मान ११.५ वरून सुमारे १६ महिन्यांवर गेले.

म्हणजे स्कॅनवरचा फायदा आणि जगण्यातला फायदा एकच नसतो. नियामकांनी आणि डॉक्टरांनीही दोन्ही आकडे रुग्णापुढे ठेवले पाहिजेत.

रुग्णाने काय विचारावे?

औषधे वाढली की दुष्परिणामही वाढू शकतात. बेव्हॅसिझुमॅबने रक्तदाब वाढतो, क्वचित आतड्याला छिद्रही पडते. म्हणून आयुष्य किती वाढेल, त्यातले किती दिवस रुग्णालयात जातील आणि खर्च किती येईल, हे आधीच विचारावे. चाचणीत सहभागी होणे ऐच्छिक असते. त्यातून केव्हाही बाहेर पडता येते. भारतात २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. संमतिपत्र घरी आणून, नीट वाचूनच सही करावी. घाईत घेतलेली सही ही संमती नव्हे.